दृक्प्रत्ययवादी चित्रांतील घर आणि आपली ‘घरगुती’ ही संज्ञा

मराठी समीक्षेत ‘घरगुती’ हे विशेषण बहुधा उणेपणा दाखविण्यासाठी येते. एखाद्या लेखिकेची कथा ‘घरगुती विषयांच्या पलीकडे जात नाही’ असे एकदा म्हटले, की तिच्याविषयी अधिक काही सांगण्याची गरज समीक्षकाला उरत नाही. ‘चूल आणि मूल’ हा शब्दप्रयोग तर अनुभवक्षेत्राच्या मर्यादेचा पर्याय म्हणूनच रूढ झाला आहे; पदव्युत्तर उत्तरपत्रिकांतूनही तो त्याच अर्थाने येत राहतो. घर हा विषय लहान आणि इतिहास, राजकारण, समाज वा अस्तित्व हे विषय मोठे, अशी श्रेणी आपण गृहीत धरली आहे. ही श्रेणी कितपत टिकाऊ आहे आणि घराच्या चित्रणाचे मूल्यमापन विषयाच्या लहानमोठेपणावरून न करता अन्य कोणत्या कसोटीने करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकलेचे उदाहरण घेतले आहे. कारण विषयांची अशीच एक श्रेणी त्या चित्रकारांनी प्रत्यक्ष चित्रे काढून मोडली. साहित्याच्या अभ्यासकाने चित्रांकडे वळण्यास दुसरेही एक कारण आहे. ‘चित्रण’, ‘शब्दचित्र’, ‘व्यक्तिचित्र’ ही आपली परिभाषा चित्रकलेवरूनच घडली आहे. परंतु चित्रकाराला जो प्रश्न कधीच टाळता येत नाही, तो आपण क्वचितच विचारतो. पाहणारा कोठे उभा आहे, हा तो प्रश्न होय.

१

फ्रान्समधील अधिकृत कलाविश्वात ऐतिहासिक, पौराणिक व धार्मिक विषयांवरील चित्रांचे स्थान सर्वोच्च मानले जाई. दैनंदिन जीवनातील प्रसंग, निसर्गदृश्य व वस्तुचित्र यांची पायरी त्याखालची. ‘सालों’ या अधिकृत प्रदर्शनाला पर्याय म्हणून काही चित्रकारांनी १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत, स्वतःचे प्रदर्शन भरविले. क्लोद मोने यांच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राच्या नावावरून लुई लरुआ या टीकाकाराने उपहासाने योजलेला शब्दच पुढे त्या संप्रदायाचे नाव ठरला. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली.

दृक्प्रत्ययवाद म्हटला, की आपल्यासमोर उघड्यावर बसून रंगविलेले ऊन, पाणी आणि धुके एवढेच उभे राहते. वस्तुतः त्या पहिल्याच प्रदर्शनात बर्थ मोरिसो (१८४१–१८९५) यांचे ‘पाळणा’ हे १८७२ सालचे चित्र होते. एक तरुण स्त्री पाळण्यातील झोपलेल्या मुलीकडे पाहत बसली आहे. एका हातावर तिने डोके टेकविले आहे, दुसऱ्या हाताने पाळण्यावरचा तलम पडदा धरला आहे. वरवर पाहता हे वात्सल्याचे चित्र आहे आणि बराच काळ ते तसेच पाहिले गेले. परंतु चित्रातील स्त्री ही मोरिसो यांची बहीण एदमा आहे, आणि एदमा स्वतः चित्रकार होती. दोघी बहिणींनी कोरो यांच्याकडे बरोबरीने शिक्षण घेतले होते. १८६९ मध्ये एदमाचा विवाह झाला आणि तिचे चित्र काढणे थांबले. म्हणजे चित्र काढणे सोडलेल्या बहिणीला चित्र काढीत राहिलेली बहीण पाहते आहे. हे ठाऊक झाल्यावर त्या टेकलेल्या डोक्यातील थकवा आणि नजरेतील गुंता केवळ वात्सल्याच्या खाती टाकता येत नाही. पाळण्याचा विषय ‘लहान’ आहे असे म्हणणेही मग अवघड होते.

मोरिसो यांचे आणखी एक चित्र येथे विचारात घ्यावयास हवे. १८७८ च्या नोव्हेंबरात त्यांना मुलगी झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्या मुलीला अंगावर पाजणाऱ्या दाईचे चित्र काढले. लिंडा नॉक्लिन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात या चित्राचा जो अर्थ लावला, तो घराच्या चित्रणाविषयीची आपली समज बदलणारा आहे. आई व मूल या परिचित रचनेत बसलेली ही स्त्री त्या मुलाची आई नाही. ती वेतनावर काम करणारी बाई आहे. तिच्यासमोर मुलाची खरी आई उभी आहे आणि तीही कामच करते आहे, कुंचल्याने. ज्याला आपण विसावा समजतो, तो इथे दोघींचा श्रम आहे.

मेरी कॅसट (१८४४–१९२६) या अमेरिकन चित्रकर्तीने मुलाला न्हाऊ घालणे, चहा घेणे, पत्राचे पाकीट चिकटविणे, शिंप्याच्या बाईकडून कपड्याचे माप बसवून घेणे अशा क्रियांना विषय केले. १८९० मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या जपानी ठशांच्या प्रदर्शनाने प्रभावित होऊन तिने केलेली दहा रंगीत मुद्राचित्रे याच क्रियांची आहेत. ‘मुलाचे स्नान’ या १८९३ च्या तैलचित्रात आपण वरून, जवळ उभ्या असलेल्या घरच्याच माणसाप्रमाणे पाहतो. पाण्याचे घंगाळ, मुलीचे पाय, तिच्या पोटाभोवतीचा आईचा हात यांपलीकडे चित्रकर्तीला काही दाखवावयाचे नाही. आणि जे दाखवावयाचे आहे त्यात कोणतीही गोष्ट नुसती सजावट म्हणून आलेली नाही.

पुरुष चित्रकारांनीही घर रंगविले. गुस्ताव कायबोत यांचे ‘जमीन तासणारे’ हे १८७५ चे चित्र सालोंने नाकारले. त्यात उघड्या अंगाने गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासणारे तीन मजूर आहेत, आणि ती जमीन चित्रकाराच्या स्वतःच्या घरातली आहे. एद्गार देगा यांनी इस्त्री करणाऱ्या बायका पुनःपुन्हा रंगविल्या. एक सर्व भार टाकून इस्त्री दाबते आहे, दुसरी बाटली धरून जांभई देते आहे. कोणाच्या तरी नीटनेटक्या घरासाठी लागणारे हे काम त्या घराबाहेर, दुसऱ्याच बायका करीत होत्या.

याच ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मोने किंवा कायबोत यांच्यासाठी घर हा अनेक विषयांपैकी एक होता. कॅफे, नाट्यगृहाची मागची बाजू, रेल्वे स्थानक ही स्थळे त्यांना मोकळी होती. मोरिसो किंवा कॅसट यांच्या वर्गातील स्त्रीला तेथे एकटीने वावरता येत नव्हते. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने स्त्रियांना प्रवेश दिला तोच मुळी १८९७ मध्ये. ग्रिझेल्डा पोलॉक यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की या चित्रकर्तींच्या चित्रांतील ओसऱ्या, कठडे, दिवाणखाने ही त्यांची ‘आवड’ नव्हे. त्यांना मिळालेल्या अवकाशाची ती सीमारेषा आहे. त्या सीमेत राहून त्यांनी पाहण्याची जी रीत घडविली, ती मात्र सर्वस्वी त्यांची आहे.

यावरून घराच्या चित्रणासाठी दोन कसोट्या हाती येतात. पाहणारा उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आहे, ही पहिली. आणि घर चालते ज्या श्रमावर, तो श्रम दिसतो की झाकला जातो, ही दुसरी.

२

या कसोट्या घेऊन महाराष्ट्रातील चित्रकलेकडे पाहिले असता काय आढळते? मुंबईची सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तेथील शिक्षण ब्रिटिश पद्धतीच्या वास्तवदर्शी शैलीचे होते. त्या शैलीतील घराची उल्लेखनीय चित्रे आपल्याकडे आहेत. पेस्तनजी बोमनजी यांचे पोपटाला खाऊ घालणाऱ्या पारशी स्त्रीचे चित्र १८८२ चे. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांना १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते ‘आलीस का लक्ष्मी?’ या चित्रासाठी. शीर्षकातच घरातील बोलण्याचा सूर आहे. गोमंतकीय चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी १९२० मध्ये आपल्या पत्नीचे निवांत बसलेल्या स्थितीतील चित्र काढले व त्याला ‘काही न करण्यातली गोडी’ या अर्थाचे इटालियन नाव दिले. सावळाराम हळदणकर यांचे हातातील दिव्याची ज्योत आडोशाने जपणाऱ्या मुलीचे जलरंगचित्र, ज्यासाठी त्यांची कन्याच उभी राहिली, आज मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे.

ही सर्व चित्रे कौशल्याची आहेत. धुरंधरांच्या चित्रांतील नऊवारी नेसण्याच्या तऱ्हा, दागिने, चाल, उभे राहण्याची ढब यांची नोंद इतकी अचूक आहे, की त्या काळाच्या सामाजिक इतिहासासाठी तिचे मोल कधी कमी होणार नाही. परंतु वरील दोन कसोट्या लावल्या, तर असे म्हणावे लागते की या चित्रांतील पाहणारा बहुधा उंबरठ्याशी थांबलेला पाहुणा आहे. स्त्री दिसते ती सणाच्या वेळी, विसाव्याच्या वेळी किंवा दिवेलागणीला. तिच्या हातात पूजेचे ताट असते, दिवा असतो, पोपटासाठी फळ असते. भाकरीचे पीठ क्वचितच असते. त्रिंदादांच्या चित्रातील ‘काही न करण्याची’ दुपार अतिशय रम्य आहे; ती दुपार कोणाच्या कामामुळे शक्य झाली, हे चित्राबाहेर राहते.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात राजा रवि वर्मा यांची दहा चित्रे होती व त्यांना पारितोषिके मिळाली. ती भारतातील निरनिराळ्या समाजांच्या स्त्रियांची चित्रे होती. त्याच प्रदर्शनातील ‘स्त्रियांच्या इमारती’साठी मेरी कॅसटने ‘आधुनिक स्त्री’ हे भव्य भित्तिचित्र केले होते; ज्ञानाची फळे तोडणाऱ्या स्त्रिया हा त्याच्या मध्यभागाचा विषय होता. ते भित्तिचित्र पुढे नष्ट वा गहाळ झाले. रवि वर्म्यांच्या चित्रांचे ठसे मात्र पुढील काळात महाराष्ट्रातील घराघरांच्या भिंतींवर लागले, आणि ‘सुंदर घरंदाज स्त्री’ची एक प्रतिमा घरातल्यांनाच बाहेरून पुरविली गेली.

दृक्प्रत्ययवाद आपल्याकडे आला नाही असे नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे, इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकरांनी दिलेली दृष्टी, त्या दृष्टीत घडलेले नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) हा त्याचाच प्रवास आहे. पण आपण त्यातून मुख्यतः कुंचला घेतला. मोकळे फटकारे, उजळ रंग, बदलता प्रकाश हे निसर्गदृश्यासाठी स्वीकारले. पाळणा, घंगाळ आणि इस्त्री हे त्यासोबतचे विषय तेवढ्याच आस्थेने स्वीकारले नाहीत. याचा दोष चित्रकारांना देणे अन्यायाचे होईल. पुरुष चित्रकाराला माजघरात प्रवेश नव्हता, चित्रासाठी बसणारी स्त्री मिळणे कठीण होते आणि चित्रकर्ती तर मोजक्याच होत्या. धुरंधरांची कन्या अंबिका (१९१२–२००९) आणि त्रिंदादांची कन्या अँजेला या दोघी मुंबईच्या कलाशाळेत शिकल्या व चित्रकार झाल्या; परंतु अशा घरांबाहेर ही वाट अरुंदच होती.

३

चित्रकलेला जे माजघर उघडले नाही, ते मराठीत स्त्रियांच्या शब्दांनी उघडले, असे माझे मत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनाचे नावच ‘स्मृतिचित्रे’ आहे. १९३४ ते १९३६ या काळात ग्रंथरूपाने आलेल्या या लेखनात घर हे पार्श्वभूमी म्हणून येत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरातील बायकांच्या वाट्याला आलेले काम, पतीच्या लहरीनुसार पुनःपुन्हा मोडणारे व उभे राहणारे बिऱ्हाड, उसनवारी, पाहुणे, आजारपण यांतूनच तेथे माणसे कळतात. निवेदिका पाहुणी नाही. ती पदर खोचून त्या प्रसंगात उभी आहे आणि तेथूनच हसते आहे.

खानदेशापुरते बोलावयाचे तर बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे नाव अपरिहार्य आहे. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी जात्यावर आणि शेतात काम करता करता रचली गेली, घरच्यांनी ती लिहून ठेवली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. तिच्या कवितेतील घरोट किंवा चूल ही ‘ग्रामीण वातावरणनिर्मिती’ नाही. ती काम करणाऱ्या हाताला ठाऊक असलेली हत्यारे आहेत. त्यांचे वजन, त्यांचा चटका, त्यांची लय हाताला आधी कळते व मग शब्दात येते. मोरिसो कुंचला हाती घेऊन दाईसमोर उभी राहिली तेव्हा दोन श्रम समोरासमोर आले. बहिणाबाईत ते एकाच देहात आहेत. दळणारी आणि रचणारी एकच आहे.

तथापि या दोघींविषयी आपली समीक्षा बहुशः काय बोलली? साधेपणा, सहजता, निसर्गदत्त प्रतिभा. मोरिसो यांच्या चित्रांनाही त्यांच्या काळातील टीकाकार ‘नाजूक’, ‘स्त्रीसुलभ’ म्हणत. निंदा असो वा स्तुती, दोन्हींत गृहीतक एकच आहे. घरात राहून पाहणे ही पाहण्याची घडविलेली रीत नसून जणू आपोआप घडणारी गोष्ट आहे, असे ते गृहीतक आहे. लक्ष्मीबाईंच्या निवेदनातील निवड, वगळणूक, विनोदाची जागा यांचा अभ्यास आपण कादंबरीकाराच्या तंत्राइतक्या काटेकोरपणे का करीत नाही, याचे उत्तर या गृहीतकात आहे.

४

हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मराठी शिकविताना तो रोज समोर येतो. काही वर्षांपूर्वी वर्गात ‘माझे घर’ या विषयावर वर्णनपर लेखन करावयास सांगितले होते. सातपुड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने ओसरी, तुळशीवृंदावन, माजघर, देवघर असलेल्या घराचे नीटस वर्णन लिहून दिले. तिचे स्वतःचे घर कुडाच्या भिंतींचे होते, त्यात धान्याची कणगी होती, रात्री शेळ्या आत बांधीत. विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘सर, ते घर लिहिण्यासारखं नाही.’ तिने खोटे लिहिले होते असे म्हणता येत नाही. ‘लिहिण्यासारखे घर’ कसे असते, ते तिने पाठ्यपुस्तकांतून आणि आमच्याकडूनच शिकले होते. सालोंची श्रेणी आमच्या वर्गात अशा रीतीने शाबूत होती.

या जिल्ह्यातील घर हा शब्दच एका साच्यात बसणारा नाही. तापीकाठचे धाब्याचे घर वेगळे, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील भिल्ल-पावरा घर वेगळे. दिवाळीनंतर अनेक जोडपी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. तेव्हा मुलाबाळांसह घर काही महिने कारखान्याच्या परिसरातील तात्पुरत्या झोपडीत असते. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना बसली. त्या घरांचे पंचनामे झाले असतील, पुनर्वसनाच्या फायली झाल्या असतील. पण त्या घरांत चूल कोणत्या बाजूला होती, पाणी कोण व कोठून आणीत असे, दळण केव्हा होई, म्हातारी माणसे कोठे निजत, हे आतून सांगणारे लेखन किती झाले? घर पाण्याखाली गेल्यावर हा प्रश्न ‘घरगुती’ राहत नाही.

शहादे परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या १९८७ च्या कवितासंग्रहाचे नाव ‘गोधड’ असे आहे. घरातील सर्वांत वापरातली, ठिगळांची, अंगावर घ्यावयाची वस्तू त्यांनी आपल्या कवितेचे नाव म्हणून निवडली. त्यांची ‘स्टेज’ ही कविता सर्वपरिचित आहे. आपले दुःख व्यासपीठावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचे ते दुःख ते खाली बसून ऐकतात, हा तिचा आशय. पाहणारा कोठे उभा आहे, हा चित्रकाराचा प्रश्नच तेथे कवीने विचारलेला आहे.

आपले विद्यापीठीय संशोधन मात्र या घरांकडे ‘लोकसाहित्य’ या एकाच दारातून जाते. ओव्या, लग्नगीते, म्हणी गोळा होतात, त्यांचे वर्गीकरण होते, परिशिष्टे भरतात. गाणे म्हणताना बाईच्या हातात कोणते काम होते, ते किती वेळ चालले, मध्येच गाणे का तुटले, याची नोंद बहुधा नसते. गीत उचलले जाते आणि घर मागे राहते. धुरंधरांच्या चित्रांत नऊवारीची अचूक नोंद असून भाकरीचे पीठ राहून जाते, त्यातलाच हा प्रकार.

५

यावर उपाय म्हणून फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. ‘घरगुती’ हा शब्द मूल्यवाचक म्हणून वापरणे आपण थांबवावे आणि तो वर्णनपर म्हणूनच ठेवावा. लोकसाहित्याच्या प्रबंधात गीतासोबत कामाची नोंद अनिवार्य करावी. ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना ‘पाळणा’ किंवा दाईचे चित्र वर्गात दाखवावे. या चित्रांच्या प्रतिकृती आता सहज उपलब्ध आहेत. आणि विद्यार्थ्यांना आपले घर आपल्या शब्दांत लिहू द्यावे. प्रमाण मराठीत त्या घरातील वस्तूला शब्द नसेल, तर भिली, पावरी वा अहिराणी शब्द तसाच येऊ द्यावा.

यावर एक आक्षेप संभवतो. घराविषयीचे प्रत्येक लेखन मग चांगलेच मानावयाचे काय? तसे मुळीच नाही. घराचे लाडिक, गोडगोड चित्रण आपल्याकडे विपुल आहे, आणि ते स्त्रियांनीही केले आहे. केवळ उंबरठ्याच्या आत असणे पुरेसे नसते. आत असूनही पाहुण्याच्या नजरेने पाहता येते. वर मांडलेल्या दोन कसोट्या अशा लेखनालाही लावावयाच्या आहेत. विषयाच्या लहानमोठेपणाची कसोटी तेवढी सोडावयाची आहे.

दुसरी सावधगिरी आपल्या स्वतःविषयीची आहे. वही घेऊन पाड्यावर जाणारा प्राध्यापक हाही उंबरठ्याबाहेरचाच माणूस असतो, आणि ‘तुमचे घर लिहा’ हा आग्रहही जुलूम होऊ शकतो. या संदर्भात ‘पाळणा’ या चित्राकडे शेवटी एकदा परत यावेसे वाटते. पाळण्यावरच्या पडद्याची कड एदमाने हातात धरली आहे. त्या पडद्यामुळे मूल आपल्याला अस्पष्ट दिसते. किती दिसावे, ते तिने ठरविले आहे, आणि तिच्या बहिणीने तेवढेच रंगविले आहे. त्या विद्यार्थिनीने पुढच्या वर्षी आपल्या घराविषयी चार पाने लिहिली. कणगी होती, शेळ्या होत्या, पहाटे पाण्याला जाणारी आई होती. तिच्या वडिलांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. तो का नाही, हे मी विचारले नाही.